सोनं की बेन्टेक्स? अर्धं वाक्य सांगणाऱ्यांना उत्तर



विंचूरच्या एका लग्नात जे ऐकलं त्याचं उत्तर तिथंच द्यायला हवं होतं. समोरचा माणूस वयानं मोठा, मांडव दुसऱ्याचा, म्हणून गप्प बसलो. ते उत्तर आता लिहितो आहे, कारण हाच प्रसंग थोड्याफार फरकानं प्रत्येक वस्तीत घडतो, आणि घडवणारे आपलेच लोक असतात.

नवरी माझी मामेबहीण. तीन वर्षांचा जीएनएमचा कोर्स करून नाशिकला नर्सची नोकरी करते. मामा मार्केटला हमाली करतात. मामी कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाते. लग्न बौद्ध पद्धतीनं, साधं, वेळेवर लागलेलं. नवरीच्या गळ्यात लांब हार, कानात झुमके, हातात चार बांगड्या, सगळं बेन्टेक्सचं. तिनं ते लपवलं नव्हतं. विचारणाऱ्या प्रत्येकीला ती हसत सांगत होती, "अकराशे रुपयांत अख्खा सेट, मावशी."

पंगत बसली तेव्हा नाशिकहून आलेले एक नातेवाईक मामांना सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊ, बाबासाहेबांनी महाडला सांगितलं होतं, घालायचं तर सोनं घाला, नाहीतर घालू नका. आणि तुम्ही शिकलेल्या पोरीला पितळ घालून उभी केली?"

मामा काही बोलले नाहीत. मामी वाढत होती. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं आणि आत निघून गेली.

हे नातेवाईक वाईट माणूस नाहीत, हे आधीच सांगतो. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत, चळवळीत जुने आहेत, वस्तीतल्या पोरांना पुस्तकं घेऊन देतात. म्हणूनच त्यांच्या बोलण्याला उत्तर देणं गरजेचं आहे. टवाळखोर बोलला असता तर सोडून दिलं असतं. इथं बाबासाहेबांचं नाव पुढे करून एका हमालाला त्याच्या मुलीच्या लग्नात खाली पाहायला लावलं गेलं.

महाडला बाबासाहेब काय म्हणाले होते?

डिसेंबर १९२७. महाडची सत्याग्रह परिषद. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब स्त्रियांशी वेगळं बोलले. त्या भाषणात दागिन्यांचा विषय आहे, हे खरं. पण तो कोणत्या संदर्भात आहे?

त्या काळी आपल्या आया-आज्या गळ्यात ढीगभर गळसऱ्या आणि हातात कोपरापर्यंत चांदीच्या किंवा कथलाच्या पाटल्या घालत. लुगडं नेसण्याची तऱ्हाही ठरलेली होती. लांबून नुसतं पाहिलं तरी ही बाई कोणत्या जातीची ते कळे. बाबासाहेबांनी सांगितलं की ही ओळख अंगावरून उतरवा. लुगडं वेगळ्या पद्धतीनं नेसा, ते ओझं काढून टाका. दागिना घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. त्याच भाषणात मुलींना शिकवा, मेलेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नका आणि नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, हेही सांगितलं.

आता पंगतीतल्या त्या वाक्याकडे पुन्हा पाहा. आमचे नातेवाईक वाक्य पूर्ण बोलले, पण जोर दिला फक्त पहिल्या अर्ध्यावर. "नाहीतर घालू नका" हा दुसरा अर्धा भाग म्हणजे गरिबाला दिलेली मोकळीक आहे. ज्याला परवडत नाही त्यानं शरमायचं कारण नाही, न घालता ताठ मानेनं उभं राहावं, असं ते सांगणं आहे. आज आपल्या लग्नांत ही मोकळीक कुठं उरली आहे? बिनदागिन्याची नवरी मांडवात आली तर "काहीच घातलं नाही का गं?" असं विचारणाऱ्या दहा जणी उभ्या असतात. मोकळीक गेली आणि सक्ती राहिली, तीही बाबासाहेबांच्या नावानं.

यावर कोणी म्हणेल, बेन्टेक्स तर तिसरीच वाट झाली. बाबासाहेबांच्या वाक्यात दोनच होत्या, सोनं किंवा काही नाही. अक्षर धरून बसलं तर हे बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण आपण अक्षर धरून बसणारे लोक आहोत का? अक्षराला धरून बसणाऱ्यांचा ग्रंथ तर त्याच महाडला, त्याच परिषदेत जळाला होता. बाबासाहेबांच्या सांगण्यामागचं कारण बघायला हवं. कारण एकच होतं: दागिन्यानं माणसाची पायरी सांगू नये.

मग आज पायरी कोण सांगतंय? माझ्या बहिणीच्या गळ्यातला हार तिची जात सांगत नव्हता. असा हार सगळ्या जातींच्या बायका घालतात. प्रवासात चोरीच्या भीतीनं सोनं घरात ठेवून बागायतदारांच्या बायकाही तो घालतात. तिच्या गळ्यात निरखून पाहून, "हे खरं की खोटं" असं ठरवून, त्यावरून तिच्या बापाची किंमत करण्याचं काम त्या पंगतीत झालं. कथलाच्या पाटल्या जे करत होत्या, तेच काम आता आपली नजर करते आहे.

सोन्याची बंदी आणि सोन्याची सक्ती

सोनं घालणं हे आपल्यासाठी बंड होतं, हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. नव्या पिढीनं हा इतिहास विसरू नये.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी नियम आहेत. कपडे मेलेल्यांचे, जेवण फुटक्या भांड्यात आणि दागिने लोखंडाचे. कोणत्या माणसानं कोणता धातू अंगावर घालायचा हेसुद्धा तिथं लिहून ठेवलं आहे. त्याच अध्यायात शूद्रानं ऐपत असली तरी धन साठवू नये असंही आहे.

हे फक्त पोथीत राहिलं नाही. १९३६ च्या 'जातिसंहार' या भाषणात बाबासाहेबांनी इंदूरकडच्या बलाई समाजाचं उदाहरण दिलं आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं ते भाषण होऊ दिलं नाही, म्हणून ते छापून काढावं लागलं. जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रातली ती बातमी आहे. इंदूर जिल्ह्यातल्या पंधराहून अधिक गावांतल्या सवर्णांनी, पाटील-पटवाऱ्यांसकट, बलाईंना हुकूम सोडले: जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत किंवा नक्षीच्या काठाचं धोतर नेसायचं नाही, आणि बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. बलाईंनी ऐकलं नाही. मग विहिरी बंद झाल्या, गुरं चरायला सोडता येईनात, वाटा अडवल्या गेल्या, उभ्या पिकाची नासधूस झाली. अनेक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडावी लागली.

तेव्हा ज्या आजीनं आयुष्यात पहिल्यांदा सोन्याचे चार मणी ओवून गळ्यात घातले, तिनं लढाई जिंकली होती. त्या चार मण्यांना माझा जय भीम.

पण बंड आणि सक्ती यांत फरक आहे. "तुला सोनं घालता येणार नाही" असं गाव म्हणत होतं, तेव्हा सोनं घालणं हे बंड. "तुला सोनं घालावंच लागेल" असं आपलेच लोक म्हणू लागले, तर न घालणं हे बंड. दोन्ही वेळा प्रश्न तोच आहे, माझ्या अंगावर काय असावं हे ठरवणारे तुम्ही कोण?

मुलामा कोणाचा चालतो आणि कोणाचा चालत नाही

आता "खरं" आणि "खोटं" या शब्दांकडे येऊ. बेन्टेक्स म्हणजे काय? खाली पितळ, तांबं किंवा जस्ताचा मिश्रधातू. तो घासून, धुऊन, चकचकीत करून विजेच्या साहाय्यानं त्यावर आधी बहुधा निकेलचा आणि मग सोन्याचा अतिशय पातळ थर चढवतात. स्वस्त मालात सोन्याऐवजी नुसता सोनेरी रंगही असतो. आपल्या भाषेत याला मुलामा किंवा सोन्याचं पाणी म्हणतात.

विंचूरहून त्याच रस्त्यानं पुढे गेलं की येवला लागतं. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ते येवला, आपली मुक्तिभूमी. बाहेरच्या जगात येवल्याचं नाव आहे ते पैठणीसाठी. पैठणीची अस्सल जर कशाची असते? चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा. हलक्या पैठणीत तांब्याची तार असते किंवा नुसता प्लास्टिकचा चमकता धागा. म्हणजे लाखाची पैठणी नेसून मिरवणाऱ्या बाईच्या पदरावर मुलामाच आहे. तिला कोणी "खोटं नेसली" म्हणत नाही. तिथं तो वारसा ठरतो, कारागिरी ठरतो. आमच्या पोरीच्या गळ्यात आला की तोच मुलामा पितळ होतो.

आणखी एक उदाहरण. ऑलिम्पिकचं सुवर्णपदक भरीव सोन्याचं असतं असं अनेकांना वाटतं. भरीव सोन्याची पदकं शेवटची दिली गेली ती १९१२ मध्ये, स्टॉकहोमला. आताचं सुवर्णपदक चांदीचं असतं आणि त्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो. नीरज चोप्राच्या टोकियोतल्या पदकाचं वजन अर्ध्या किलोहून जास्त, त्यात सोनं तेवढंच. त्याला कोणी बेन्टेक्सचं पदक म्हणालं का? कोणी म्हणणार नाही, कारण त्या पदकाची किंमत धातूत नाही, भाल्याच्या फेकीत आहे.

मग नर्स झालेल्या हमालाच्या मुलीची किंमत तिच्या शिक्षणात आहे की हाराच्या वजनात? ज्यांनी स्वतः आरक्षणातून, शिष्यवृत्तीतून, कंदिलाच्या उजेडात शिकून नोकरी मिळवली, त्यांना तरी हा प्रश्न अवघड जाऊ नये.

"सोनं अडीअडचणीला येतं"

विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा हा आहे आणि तो टाळून चालणार नाही. सोनं गहाण पडतं, बेन्टेक्स पडत नाही. आजारपणात, फीच्या वेळी, दुष्काळात बाईच्या गळ्यातलं सोनं घर वाचवतं. बेन्टेक्सचा हार घेऊन सराफाकडे गेलात तर तो हातही लावणार नाही. शंभर टक्के खरं.

माता रमाईंची आठवण आपण सगळ्यांनी ऐकली आहे. धारवाडच्या वसतिगृहातली मुलं उपाशी आहेत असं कळल्यावर त्यांनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या काढून दिल्या आणि मुलांच्या जेवणाची सोय झाली, असं चळवळीत सांगितलं जातं. ही आठवण आपण सांगतो ती कशासाठी? रमाईंच्या हातात सोनं होतं म्हणून नव्हे, त्यांनी ते काढून दिलं म्हणून.

आता मामीची गोष्ट ऐका. पंगतीतल्या त्या नातेवाइकांना ती माहीत नव्हती.

मोठ्या मुलीच्या लग्नात मामांनी तीन तोळे घातले होते, पतसंस्थेचं कर्ज काढून. हप्ते फेडता फेडता धाकटीच्या जीएनएमच्या तिसऱ्या वर्षाची फी आली. तेव्हा मामीच्या गळ्यात स्वतःची दीड तोळ्याची पोत होती. ती तिनं गहाण टाकली आणि फी भरली. पुढे व्याज चढलं, पोत सोडवता आली नाही, नोटीस आली आणि पोत लिलावात गेली. पोत गेली आणि नर्स झाली. वाढताना जिनं हातातलं भांडं खाली ठेवलं ती मामी ही. तिच्या गळ्यातलं सोनं तिच्या मुलीच्या शिक्षणात उतरलं होतं, आणि "पोरीला पितळ घालून उभी केली" हे तिला ऐकावं लागलं.

म्हणून अडीअडचणीच्या मुद्द्याला माझं उत्तर असं: होय, बचत हवी. बाईच्या नावावर हवी. पण लग्नातला दागिना ही बचत असते का? हिशेब मांडू. समजा एक लाखाचं सोनं घेतलं. घडणावळ दहा टक्के धरली तर दहा हजार. त्यावर तीन टक्के जीएसटी, म्हणजे तीन हजार तीनशे. एकूण दिले एक लाख तेरा हजार तीनशे. वरचे तेरा हजार तीनशे सोनं मोडताना परत येत नाहीत. गहाण टाकलं तर पूर्ण किमतीइतकं कर्ज मिळत नाही, आणि मिळतं त्यावर व्याज चढतं. त्यात मूळ खरेदीच कर्ज काढून झाली असेल तर एकाच दागिन्यावर दोन व्याजं. आणि तो दागिना लग्नानंतर कोणाच्या कपाटात असतो? सासूच्या. मुलीच्या अडचणीला तो येईलच याची खात्री कोण देणार?

सोन्याचे भाव वाढले हे खरं. २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर गेले. ज्यांनी जुनं सोनं सांभाळलं त्यांचा फायदा झाला. पण सांभाळणं कोणाला जमलं? ज्याच्या घरी महिन्याला पगार येतो त्याला. मामीसारखीचं सोनं भाव वाढायच्या आधीच लिलावात जातं आणि वाढीचा फायदा दुसराच घेतो.

बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ होते हे आपण मिरवणुकीत सांगतो, लग्न ठरवताना विसरतो. १९२३ च्या 'रुपयाचा प्रश्न' या ग्रंथात त्यांचं एक मुख्य म्हणणं असं आहे की रुपया सोन्याच्या तुलनेत स्थिर असण्यापेक्षा, त्या रुपयात माणसाला जो माल मिळतो त्याच्या तुलनेत स्थिर असणं महत्त्वाचं. सोप्या भाषेत, पैशानं काय मिळतं ते बघा. तीन तोळ्यांच्या पैशात आपल्या पोरीला काय काय मिळालं असतं, हा प्रश्न त्याच शाळेतला आहे.

पण दुकानदाराला माफी नाही

बेन्टेक्स घालणारीची बाजू घेतली म्हणजे बेन्टेक्स विकणाऱ्याची घेतली असं नाही.

"एक ग्रॅम सोन्याचे दागिने" ही पाटी प्रत्येक बाजारात आहे. बायका समजतात की या हारात एक ग्रॅम सोनं आहे. हे खरं असतं का? प्रयोगशाळा नको, शेंगदाणे विकणाऱ्या पोराचा हिशेब पुरे. दहा ग्रॅम सोनं लाखाच्या वर असेल तर एक ग्रॅम दहा हजाराच्या वर. मग सहाशे रुपयांच्या हारात ते कसं असेल?

किती असतं ते काढता येतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. स्वस्त दागिन्यावरचा सोन्याचा थर एका मायक्रॉनच्या विसाव्या भागाइतका धरू, आणि हाराचा सगळा पृष्ठभाग शंभर चौरस सेंटिमीटर धरू. सोन्याची घनता १९.३. गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे १० मिलिग्रॅम. एका ग्रॅमचा शंभरावा भाग! म्हणजे एक ग्रॅम सोन्यात असे शंभर हार रंगतात. शंभर जणींना प्रत्येकी "एक ग्रॅम" म्हणून विकायचं, याला नाव काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

दुसरी गोष्ट अंगाची. तो पातळ थर घामानं, साबणानं, घासण्यानं निघतो. कांद्याच्या खळ्यावर तर आणखी लवकर काळवंडतो, कारण कांद्यात गंधकाची संयुगं असतात आणि तांबं गंधकानं काळं पडतं. सोनेरी थर गेला की खालचा धातू कातडीला लागतो. तांब्यामुळे कातडी हिरवट होते, ती धुतली की जाते. निकेलचं तसं नाही. अनेकांना निकेलची अ‍ॅलर्जी होते, खाज येते, चट्टे उठतात, कानाची पाळी चिघळते. एकदा ही अ‍ॅलर्जी जडली की बहुधा जन्मभर राहते. माझ्या वहिनीला "गॅरंटीचे" म्हणून विकलेल्या कानातल्यांनी महिनाभर त्रास झाला. दुकानदार म्हणाला, "ताई, तुमची स्किनच नाजूक आहे." पितळ विकायचं सोनं म्हणून आणि दोष द्यायचा कातडीला!

युरोपात कातडीला लागणाऱ्या दागिन्यातून किती निकेल सुटू द्यायचं याची कायद्यानं मर्यादा आहे: आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरला अर्धा मायक्रोग्रॅम, आणि टोचलेल्या भागात घालायच्या वस्तूंसाठी त्याहून कमी. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्याला जून २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून त्यावर सहा अंकाक्षरांचा क्रमांक लागतो, तो मोबाईलवर तपासता येतो. सोनं घेणाऱ्याच्या संरक्षणाला कायदा आहे, शिक्का आहे, अ‍ॅप आहे. मुलाम्याच्या दागिन्याला तो शिक्का नाही. जीएसटी मात्र दोघांवर सारखाच, तीन टक्के. कर घेताना समानता आहे, संरक्षण देताना ती का आठवत नाही?

आणि हा मुलामा चढवणारे कामगार? सोन्याचं पाणी देण्याच्या द्रावणात सायनाइडचे क्षार असतात, धातू साफ करायला आम्ल वापरतात. कोंदट खोलीत त्या वाफा छातीत घेत जो उभा असतो, त्याचं नाव दागिन्याच्या डबीवर कुठंच नसतं.

मग करायचं काय?

भाषण करून घरी जायचं नाही, म्हणून पाच गोष्टी लिहितो. वस्तीच्या बैठकीत ठेवा, भांडा, दुरुस्त करा.

एक. लग्नात "सोनं किती?" हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. सोयरीक ठरवतानाही नाही आणि पंगतीतही नाही. विचारला तर तिथंच टोकायचं, विचारणारा कितीही मोठा असो. मी टोकलं नाही, ही माझी चूक.

दोन. दागिन्यासाठी कर्ज काढायचं नाही. पतसंस्थेचं नाही, बचत गटाचं नाही, नातेवाइकाचं नाही. हातात असेल तेवढ्यात करा. काहीच नसेल तर पांढरी साडी आणि फुलं पुरेशी आहेत.

तीन. मुलीला द्यायचंच असेल तर तिच्या एकटीच्या नावावर द्या. बँकेत ठेव, पोस्टात खातं, किंवा तिच्या पुढच्या शिक्षणाची फी. सोनंच द्यायचं असेल तर हॉलमार्क पाहून, पक्कं बिल तिच्या नावावर घेऊन द्या.

चार. बेन्टेक्स घेताना बिल मागा. खालचा धातू कोणता, निकेल आहे का, हे विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला नकार मिळाला तर "एक ग्रॅम" या शब्दावर विश्वास ठेवू नका. फसवणूक झाली तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मुलाम्याच्या दागिन्यावर धातू, थराची जाडी आणि निकेलची माहिती छापणं सक्तीचं करा, अशी मागणी आपल्या संघटनांनी लेखी करावी. हा दागिना जास्तीत जास्त कष्टकरी बायका घालतात. ही मागणी आपण नाही करायची तर कोणी करायची?

पाच. बाबासाहेबांचं वाक्य सांगायचं तर पूर्ण सांगा, आणि ते कोणाला बळ द्यायला सांगितलं होतं हे आठवून सांगा. ज्या वाक्यानं १९२७ मध्ये बायकांच्या अंगावरचं ओझं उतरलं, त्याच वाक्यानं आज एका आईला भरल्या पंगतीतून उठून जावं लागत असेल, तर चूक वाक्यात नाही, सांगणाऱ्यात आहे.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी विंचूरला गेलो होतो. मामी खळ्यावरून आली होती, हातांना कांद्याचा वास होता. मी पंगतीचा विषय काढला तर म्हणाली, "जाऊ दे रे, मोठं माणूस आहे." मग थोड्या वेळानं स्वतःच बोलली, "पोरीनं पहिल्या पगारात मला पोत करून देते म्हटलं. मी म्हटलं, आधी पतसंस्थेचं फेड. आणि मला एक अकराशेवाला सेट आण. तुझ्या भावाच्या लग्नात घालीन."

तो सेट आला आहे. बिलावर धातूचं नावही लिहून घेतलं आहे. पुढच्या लग्नात मामी तो घालून पंगतीत वाढायला उभी राहील, आणि नाशिकचे पाहुणेही येतील. या वेळी मी गप्प बसणार नाही.

जय भीम!